म्हातारीला घातलेलं ठिगळ

हातोडीचा आवाज बदलला, तो एमलिनने आधी ऐकला.

गॅरेजात गिऱ्हाइकांना बसायला काचेपलीकडे एक चिंचोळी खोली होती. तिथे एमलिन आणि मेन्ना पॅरी चहाचे कागदी पेले हातात धरून बसले होते. काचेच्या पलीकडे खड्ड्यात उतरलेला तपासनीस हेफिन म्हातारीच्या पोटाला बारक्या हातोडीने ठोकत ठोकत पुढे सरकत होता. टण्, टण्, टण्. आणि मग थप्.

"गेली," एमलिन म्हणाला.

"काय गेली?"

"ऐकलं नाहीस? गाताना मागच्या रांगेत कुणी सूर सोडला की असंच वाटतं. पत्रा कुजलाय."

मेन्नाने काचेला नाक लावून पाहिलं. हेफिनच्या खांद्यावर गंजाचे पापुद्रे पडले होते. त्याने तिथेच पुन्हा एकदा हलकेच ठोकलं, आणि हातोडीचं टोक लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं.

म्हातारी म्हणजे त्यांचं मोटरहोम. त्यांची मुलगी लुनेद शाळेत होती तेव्हा घेतलेलं, आणि घेतलं तेव्हाही दुसऱ्याचं वापरलेलंच. आता लुनेदच्याच केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. छपराला शेवाळ धरायचं, मागचा दरवाजा उचलून घेतल्याशिवाय लागायचा नाही, आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की मागे गाड्यांची वरात लागायची. पण दर ऑगस्टमध्ये आइस्टेदवोद, म्हणजे गाण्या-कवितांचा मोठा उत्सव, वेल्समध्ये कुठेही भरो, उत्तरेला की दक्षिणेला, म्हातारी तिथल्या कुरणात जाऊन उभी राहायचीच. एमलिन त्यांच्या नेव्हिन गावच्या पुरुष-वृंदात खालच्या पट्टीत गायचा. बाकीचे गडी बसने जायचे, हॉटेलात राहायचे. एमलिन आपल्या गादीवर झोपायचा, आपल्या किटलीतला चहा प्यायचा आणि मग गायला जायचा.

मागच्या शरद ऋतूत त्याला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं पंधरवड्यात सुधारलं, आवाज तर जसाच्या तसा राहिला, पण उजव्या हाताची पकड गेली. गाडी चालवणं बंद झालं. पाय अजून जरा ओढतच चालायचा. मेन्नाने म्हातारीच्या आत जागोजागी धरायला दांडे बसवले, पायरीला रबर लावलं, आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. पहिल्यांदा चर्चच्या वळणावर तिने भिंतीचा एक दगड पाडला. नंतर नाही पाडला.

हेफिन खड्ड्यातून वर आला आणि हात पुसत आत शिरला. हा हेफिन लॉइड म्हणजे गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या बाबतीत कुणाचा म्हणून नव्हता. सख्ख्या सासऱ्याची गाडी त्याने दोनदा परत पाठवली होती, आणि त्या वर्षी नाताळचं जेवण त्याला आपल्याच घरी जेवावं लागलं होतं.

"मिसेस पॅरी, नाही होत," तो म्हणाला. "हँडब्रेक एका चाकाला धरतो, दुसऱ्याला नुसता गोंजारतो. ते किरकोळ आहे. पण ड्रायव्हरच्या बाजूला, सीटबेल्ट जिथे खाली पकडलाय ना, त्याच्या शेजारचा पत्रा संपलाय. तिथे पास करणं माझ्या हातात नाही."

"मग तूच जोडून दे," एमलिन म्हणाला.

"जोडणारा आमचा माणूस गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलाय. सप्टेंबर उजाडेल. दुसरीकडे विचारा, पण एवढी लांब गाडी आत घेणारं या बाजूला कुणी नाही." त्याने कागद मेन्नाच्या हातात दिला. "दोन आठवड्यांच्या आत दुरुस्त करून आणलीत तर एवढंच पुन्हा बघेन. पूर्ण तपासणी नको."

घरी येताना तीच नेव्हिनची उतरण, तोच समुद्र, आणि एमलिन खिडकीबाहेर असा बघत होता की जणू कुणाला पोचवून परत चाललाय.

संध्याकाळी लुनेदचा कार्डिफहून फोन आला. "आई, आता तरी भंगारात द्या तिला. बाबांना आम्ही चांगल्या हॉटेलात उतरवतो. लिफ्ट असलेल्या."

"बाबांना विचार."

एमलिनने फोन घेतला. "दे भंगारात," तो म्हणाला. "मलाही दे तिच्याबरोबर. वजनावर बरे जाऊ." आणि फोन ठेवून दिला.

मेन्ना भांडी घासत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एमलिन अंथरुणातून उठला तेव्हा बाजूची जागा रिकामी होती, आणि अंगणात म्हातारीच्या खालून दोन पाय बाहेर आलेले होते. पायांत मेन्नाचे बागेतले बूट.

"काय करतेस तिथे?"

"माप घेतेय."

मेन्नाने चाळीस वर्षं नेव्हिनमध्ये शिवणाचं दुकान चालवलं होतं. लग्नाचे झगे, शाळेचे गणवेश, वृंदाचे कोट, सगळं तिच्या हातचं. गावातल्या प्रत्येकाच्या कमरेचा घेर तिला ठाऊक होता आणि तिने तो कधी कुणाला सांगितला नव्हता. आता ती पुठ्ठ्याचा एक तुकडा हातात धरून गाडीखालून सरपटत बाहेर आली. केसांत गंज, गालावर काळा पट्टा.

"हे बघ," ती म्हणाली. "कुजलाय तो एवढाच. आजूबाजूचा पत्रा धड आहे, मी ठोकून पाहिलं. वळण आहे थोडं, बाहीच्या खांद्याला असतं तसं. पण बेतता येईल."

"बेतता?" एमलिन हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "पत्रा म्हणजे काय परकर आहे तुझा? की लावलं ठिगळ आणि झालं?"

"ठिगळच लावायचंय."

"जोडणार कोण?"

"मी."

एमलिनने आयुष्यभर म्हातारीची सगळी कामं स्वतः केली होती. ऑइल, प्लग, ब्रेक, बल्ब. मेन्नाने कधी पाना हातात घेतला तर तो म्हणायचा, राहू दे, हात खराब होतील. आता त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, तो खिशात घातला आणि आत निघून गेला. दार आपटायला त्याला डावा हात पुरला.

मेन्नाने पुठ्ठा काखेत मारला आणि गुटोकडे गेली.

गुटो म्हणजे एमलिनचा जुना दोस्त, बंदरातल्या बोटी दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला. वेल्डिंग करून पोलादाला पोलाद जोडणं हा त्याचा धंदा होता, पण हल्लीच त्याच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी जोडणीच्या प्रकाशाकडे बघायचीसुद्धा बंदी केली होती. मेन्नाने पुठ्ठा टेबलावर ठेवला. गुटोने तो उचलला, उलटसुलट केला, दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"हा कुणी कापला?"

"मी."

"दुमड कशाला सोडलीस?"

"जुन्या पत्र्यावर थोडा चढायला नको? नुसती कडेला कड लावली तर टाका धरेल का?"

गुटोने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मेन्ना," तो म्हणाला, "माझ्या हाताखालची पोरं हे समजायला वर्ष घ्यायची. चल, मशीन शेडमध्ये आहे."

शिकणं काही सोपं गेलं नाही. गुटोच्या शेडमध्ये एक मोडका फ्रीज होता, त्याच्या दारावर तिने सुरुवात केली. पहिल्या दिवशी दाराची चाळण झाली. जरा थांबली की भोक, जरा घाई केली की नुसता थुंकल्यासारखा गोळा. गुटो दाराकडे पाठ करून बसायचा आणि कानाने शिकवायचा.

"थांबलीस. का थांबलीस?"

"या मुखवट्यातून दिसत नाही काही."

"दिसायचं नाहीच. ऐक. तव्यावर मासळी टाकल्यासारखा आवाज यायला हवा. चरचर. हां, आता भोक पडलं."

"तुला कसं कळलं?"

"शिवी दिलीस तू."

दोन-तीन दिवसांनी तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओढत नेलं की पत्रा तापतो आणि वाकतो. रेशमाचं कापड ओढून शिवलं की चुणी पडते तसंच. मग तिने आधी धावदोरा घालावा तसे लांब लांब ठिपके दिले, मग इकडचा एक तुकडा, तिकडचा एक तुकडा, मध्ये गार होऊ दिलं, आणि शेवटी सगळे एकमेकांना नेऊन मिळवले. जोड गार झाल्यावर गुटोने तो खिडकीशी नेला आणि अगदी नाकाशी धरून बघितला.

"सबंध झालाय," तो म्हणाला. "कुठेही फट नाही. असा हवा. हेफिनला नुसते ठिपके चालायचे नाहीत, त्याला सलग लागतं. आणि एक सांगतो, वर काळा रंग थापू नकोस. जोड उघडा दिसला पाहिजे. झाकलास की तो म्हणणार, खाली काय लपवलंय."

घरी एमलिन अजून फुगलेलाच होता. पण मेन्ना रोज संध्याकाळी मनगटावर फोड घेऊन यायची, त्यावर तो डाव्या हाताने मलम लावायचा. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी त्याने विचारलं, "हँडब्रेकचं काय करतेयस?"

"अजून काही नाही."

"केबल ओढली गेलीय एका बाजूला. मला खाली उतरता येत नाही. पण सांगू शकतो."

"सांग की."

दुसऱ्या दिवशी तो खुर्ची टाकून म्हातारीच्या शेजारी बसला आणि ती खाली गेली. "डावीकडचा नट. अगं, तुझ्या डावीकडचा नाही, गाडीच्या. अर्धा फिरव. अर्धा म्हटलं, पुरा नाही! आता चाक फिरवून बघ." एमलिन हुकूम सोडत होता आणि मेन्ना "हो महाराज" म्हणत पाना फिरवत होती. शेजारची मिसेस ब्लोडवेन कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, "अहो मिस्टर पॅरी, बायकोला गाडीखाली घालून वर बसलात होय?" एमलिन म्हणाला, "मी खाली गेलो असतो तर मला वर कुणी काढलं असतं?" दोन्ही चाकं सारखी धरली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडी लाली आली.

ज्या दिवशी जोडायचं ठरलं त्या दिवशी गुटो मशीन घेऊन आला. म्हातारीची एक बाजू उचलून ओंडक्यांवर पक्की बसवली. गॅसची टाकी काढून कुंपणापलीकडे ठेवली. बॅटरी सोडवली, सीट बाहेर काढली, आतला गालिचा मागे गुंडाळला. कुजलेला पत्रा मेन्नाने धड पत्र्यापर्यंत कापून काढला, कडा घासून चांदीसारख्या लखलखीत केल्या, आणि नवा तुकडा बसवून पाहिला. तो जागेवर असा बसला की चिमट्याची गरज पडली नसती.

"एमलिन, तू आत," गुटोने कामं वाटली. "पाण्याची बादली घेऊन बस. धूर दिसला की ओत. मी इथे पाठ करून उभा राहतो."

"हे माझं काम? बादलीवाला?"

"महत्त्वाचं काम आहे ते," मेन्ना मुखवट्यामागून म्हणाली.

पाठीवर आडवं पडून वर बघत जोडणं म्हणजे काय ते शेडमध्ये कळलं नव्हतं. ठिणग्या गळ्यात पडत होत्या, हात दुखून भरून येत होता. ती एक तुकडा जोडायची, थांबायची, श्वास घ्यायची, दुसऱ्या टोकाला सरकायची. गुटो बाहेरून म्हणत होता, "छान चरचरतंय, छान." अर्धं अधिक झालं आणि आतून एमलिन ओरडला, "धूर!" गालिच्याची एक कड ठिणगीने धुमसली होती. त्याने डाव्या हाताने बादली उचलली आणि सगळीच्या सगळी उलटी केली. गालिचा विझला. उरलेलं पाणी गाडीच्या तळातल्या फटीतून थेट मेन्नाच्या गळ्यात उतरलं.

ती खालून किंचाळली. एमलिनने खिडकीतून डोकं काढलं. "भाजलं का गं तुला?"

"नाही! बुडवलंस!"

गुटो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग एमलिनही हसला. झटका आल्यापासून तो असा हसला नव्हता, तोंडाचा एक कोपरा वाकडा करून, पण पोटातून. मेन्ना ओल्या कपड्यांत बाहेर आली, त्या दोघांकडे बघितलं, मुखवटा परत खाली ओढला आणि म्हणाली, "अजून वीतभर राहिलंय. कोरडी व्हायला थांबणार नाही मी. मशीनची वायर पाण्यापासून लांब धर आणि जागा पुसून दे." गुटोने आधी जमीन पुसली, खाली कोरडी फळी घातली, तिला आपले हातमोजे दिले, आणि मगच मशीन चालू केलं.

जोड पुरा झाला तेव्हा तिने त्यावरून बोट फिरवलं. अजून गरम होता. गुटोच्या हातच्या जोडासारखा सरळसोट नव्हता तो, दोन ठिकाणी जाड झाला होता. पण सलग होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आयुष्यात तिने हजारो शिवणी घातल्या होत्या. गिऱ्हाईक कपडा घालून निघून जायचं, शिवण आत राहायची, कुणी बघायचं नाही. ही पण गाडीच्या पोटाखालीच राहणार होती. तरी ती बराच वेळ तिथेच पडून राहिली, वर बघत, आणि तिला उठावंसं वाटेना.

हेफिनकडे जायच्या दिवशी एमलिनने कोट चढवला.

"कोट कशाला? लग्न आहे का?" मेन्नाने विचारलं.

"तू चालव."

पुन्हा ती काचेची खोली, पुन्हा तो कडू चहा. हँडब्रेक पहिल्या झटक्यात पास झाला, तेव्हा एमलिनने खोकून घेतलं. मग हेफिन खड्ड्यात उतरला. दिव्याचा उजेड पुढेमागे झाला. हातोडी वाजली. टण्. मग शेजारी, टण्. एमलिन डोळे मिटून ऐकत होता आणि त्याचं डोकं हळूहळू हलत होतं, वृंदाचा सराव ऐकताना हलतं तसं. मेन्नाने पेला इतका घट्ट धरला की चहा तिच्या बोटांवर सांडला.

हेफिन वर आला. "गुटोकाकांचे डोळे बरे झाले वाटतं," तो म्हणाला.

"गुटोने हात लावलेला नाही," मेन्ना म्हणाली.

"मग कुणी केलं?"

"मी."

हेफिनने तिच्याकडे पाहिलं. मग तो वळला आणि परत खड्ड्यात उतरला. दिवा पुन्हा पेटला. एमलिन खुर्चीतून उठून उभा राहिला.

"हे काय? बाईने केलं म्हणून दोनदा तपासायचं? हेफिन लॉइड, तुझ्या शाळेच्या पहिल्या विजारीपासून शिवल्यात या बाईने! एक तरी उसवली का?"

"एमलिन, खाली बस."

"नाही बसत!"

हेफिन आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना माती लागली होती. "तपासणी मघाशीच झाली, मिस्टर पॅरी," तो शांतपणे म्हणाला. "पास आहे. आत्ता मी नुसतं बघायला गेलो होतो." मग तो मेन्नाकडे वळला. "वळणावर चुणी कशी पडू दिली नाहीत?"

"थांबून थांबून शिवलं," ती म्हणाली.

"पुढचे टायर पुढच्या वर्षी बदला तेवढे. लिहून दिलंय." हेफिनने पासचा कागद तिच्या हातात दिला. जाता जाता म्हणाला, "एकही उसवली नाही, मिस्टर पॅरी. खरंच."

त्यानंतर एमलिनला आवरणं कठीण झालं. पोस्टात, चॅपलच्या पायरीवर, मासळीवाल्याच्या दुकानात, जो भेटेल त्याला तो धरायचा. प्रत्येक वेळी सांगताना कुजलेलं भोक थोडं मोठं व्हायचं. आधी तळहाताएवढं होतं, आठवड्याने टोपीएवढं झालं. लुनेदला तर त्याने फोनवर सांगितलं की कुत्रा आरपार गेला असता. "बाबा, आपल्याकडे कुत्रा नाही," ती म्हणाली. "असता तर गेला असता," तो म्हणाला. आगीची आणि बादलीची गोष्ट मात्र तो सांगायचा नाही. ती गुटो सांगायचा.

ऑगस्टात म्हातारी दक्षिणेकडे निघाली. डोंगरातल्या चढावर मेन्नाने तिला दुसऱ्या गिअरमध्ये टाकलं. मागे गाड्यांची वरात लागली आणि कुणीतरी भोंगा वाजवला. एमलिनने खिडकीतून डावा हात बाहेर काढून राजासारखा हलवला.

वृंदाला तिसरा नंबर मिळाला. पहिला मिळायला हवा होता यावर सगळ्यांचं एकमत होतं, परीक्षक सोडून. गाणं संपल्यावर गडी कोट खांद्यावर टाकून कुरणात आले, मेन्नाने किटली चढवली, 'बारा ब्रिथ' नावाचा मनुका घातलेला वेल्श पाव कापला आणि लोणी लावून फिरवला. आणि ती आतून बशी घेऊन बाहेर आली तर काय, वृंदाचा वरच्या पट्टीतला म्होरक्या, सत्तरी उलटलेला, भलं मोठं पोट असलेला माणूस, ओल्या गवतात गुडघे टेकून म्हातारीच्या खाली डोकं घालून होता. एमलिन काठीने दाखवत होता.

"तिथे नाही, अजून आत. दिसतोय का वळणावरचा जोड? बाहीच्या खांद्यासारखा?"

"दिसतोय की."

"आता तू रे. नीट वाक. पँटची काळजी करू नकोस, उसवली तर शिवणारी घरचीच आहे."

"एमलिन!" मेन्ना म्हणाली. "पुरे झालं हं आता. माणसं गायला आलीत, गाडीखाली झोपायला नाही."

"जाऊ दे गं. बघू दे त्यांना."

तिने बशी ठेवली आणि लाजून आत जायला वळली. तेवढ्यात शेजारच्या जुन्या कॅरॅव्हॅनमधली एक अनोळखी बाई, हातात ओला टॉवेल, पुढे आली. "माफ करा," ती म्हणाली, "आमच्या गाडीचंही असंच झालंय, मागच्या चाकाजवळ. नवरा म्हणतो टाकून देऊ. हे खरंच तुम्ही केलंत? मला दाखवाल?"

मेन्नाने एकदा आपल्या स्वच्छ, इस्त्रीच्या झग्याकडे पाहिलं. मग हात झटकले, गवतावर पाठ टेकली आणि म्हातारीच्या खाली सरकली.

"या," ती आतून म्हणाली. "अशा माझ्या बाजूला या. इथून चांगलं दिसतं."